उन्हात ठेवायची बाटली

अकोल्याच्या माणसापुढे उन्हाचं कौतुक करू नये, तो मारायला धावेल. एप्रिल लागला की आमच्याकडे खिडक्यांना पडदे लागतात, पडदे कमी पडले की चादरी लागतात, आणि भरदुपारी गावात कुत्रंही दिसत नाही. रस्त्यात कोणी भेटलंच तर दुपट्ट्यातून नुसते डोळे दिसतात आणि आतून आवाज येतो, "बापा बापा, काय तपून राहिलं!" अशा गावात मी जन्मले, वाढले, आणि उमेदीची सगळी वर्षं अमरावतीच्या एका कॉलेजात उन्हापासून हायड्रोजन काढायच्या नादात घालवली. हसायचं असेल तर हसून घ्या. माझी माय सोडून सगळे हसले.

आईला आम्ही मायच म्हणतो. ती हसली नाही, त्याला कारण होतं. माझे बाबा एस.टी.त कंडक्टर होते. मी शाळेत असताना एका मे महिन्यात ते दुपारी ड्यूटीवरून आले, डोकं दुखतंय म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. तेव्हा आमच्याकडे फ्रीज नव्हता. माय बर्फ आणायला धावली. शेजारी मिळाला नाही, म्हणून पार चौकातल्या बर्फवाल्यापर्यंत गेली आणि पदरात बर्फाचा तुकडा बांधून अनवाणी परत आली. तोवर बाबांची शुद्ध गेली होती. माणसं त्यांना दवाखान्यात घेऊन गेली, आणि संध्याकाळी आमच्या घरी रडारड सुरू झाली. तो बर्फ तसाच पाटावर राहिला होता. अर्धा वितळल्यावर कोणीतरी उचलून मोरीत टाकला.

त्यानंतर घरात पहिली मोठी वस्तू आली ती फ्रीज. टीव्ही पुष्कळ नंतर आला. मायनं त्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा कधी रिकामा राहू दिला नाही. हिवाळ्यात आम्ही स्वेटर घालून फिरायचो तरी हिचे ट्रे भरलेले. उन्हाळ्यात गल्लीत कोणाला भोवळ आली, कोणाच्या नाकातून रक्त आलं, की माणसं थेट आमच्या दारात. माय काही न विचारता बर्फ काढून द्यायची आणि लगेच ट्रेमध्ये पुन्हा पाणी भरायची. इतर वस्तू ती कुठेही ठेवायची, पण ज्याची काळजी वाटते ते बर्फाच्या कप्प्यात. एकदा तर तिनं माझ्या परीक्षेचं हॉल तिकीटही तिथेच ठेवलं होतं, उंदरांच्या भीतीनं.

तर मी तिला पहिल्यांदा माझं काम सांगितलं तेव्हा ती ज्वारीच्या पिठात पाणी घालत होती. मी म्हटलं, पाण्यात एक रंगीत भुकटी असते, ते पाणी उन्हात ठेवायचं, त्यातून गॅस निघतो, त्या गॅसवर पुढं-मागं गाड्यासुद्धा चालतील. तिचा हात थांबला.

"म्हंजे उन्हाले कामाले लावून राहिल्या तुमी?"

"हाव, तसंच समज."

"लावा, लावा. लय खाल्लं त्यानं आपलं. आता कमावून दे म्हना त्याले."

बाबांच्या मरणाबद्दल ती एवढंच बोललेली मला माहीत आहे. त्या दिवसापासून अकोल्याच्या उन्हातून गॅस निघणं हे माझं काम राहिलं नाही, तिचं झालं. फोन केला की तब्येत विचारायच्या आधी विचारायची, "निघाला का?"

आता ती भुकटी काय होती ते सांगते, नाही तर तुम्ही म्हणाल बाई नुसती गोष्ट लांबवून राहिली. ते पॉलिमर. प्लॅस्टिकच्याच गणगोतातलं, पण उजेड पिणारं. एक पॉलिमर उजेड पडला की इलेक्ट्रॉन सोडायला तयार असतं, दुसरं तो घ्यायला. दोघं एकमेकांना चिकटून बसलेली पाहिजेत, कारण इलेक्ट्रॉनला फार लांब चालवत नाही, तो वाटेतच जिरतो. म्हणून त्यांचे अतिशय बारीक कण करायचे, डोळ्यांनाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. पॉलिमर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं, साबणासारखं काही घातलेल्या पाण्यात ओतायचं आणि त्यात ध्वनिलहरींची कांडी बुडवायची. ती अशी किंचाळते की शेजारच्या खोलीतले भौतिकशास्त्राचे लोक भांडायला येतात. मग क्लोरोफॉर्म उडवून लावायचा, आणि उरतं जांभळाच्या रसासारखं पाणी. कण त्यात तरंगत असतात, खाली बसत नाहीत. कणांवर प्लॅटिनमचा नुसता स्पर्श म्हणावा एवढा अंश, तिथे हायड्रोजन तयार होतो. आणि गेलेल्या इलेक्ट्रॉनची भरपाई करायला पाण्यात क जीवनसत्त्व.

"क जीवनसत्त्व म्हंजे लिंबातलं न?" मायनं विचारलं होतं.

"तेच."

"मंग सरबतच करून राहिल्या की तुमी! साखर घालत जा थोडी."

आमच्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. बारीक, तिरकस बोलणारे, आणि कोणत्याही चांगल्या निकालावर आधी संशय घेणारे. ते म्हणाले, "तुमच्या आईंनी नेमकं दुखणं धरलं. आपण क जीवनसत्त्व खाऊ घालतोय तोवर हे सरबतच आहे. नुसत्या पाण्यावर चालेल त्या दिवशी छाती फुगवा."

आमचं सगळं काम दिव्याखाली चालायचं. प्रयोगशाळेत सूर्यासारखा उजेड देणारा एक दिवा होता. एकदा पुण्याला एका परिषदेत मी माझे तक्ते लावून उभी होते, तर एक गृहस्थ अगदी गोड आवाजात म्हणाले, "अहो, तुमच्याकडे एवढं ऊन असताना दिवा कशाला लावता?" माझ्या ओठांवर आलं होतं की येऊन बसा एकदा मे महिन्यात, मग बोला. पण माणूस बरोबर बोलला होता, त्यामुळे जास्तच झोंबलं. मी सरांना म्हटलं, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण खऱ्या उन्हावर करू. सर म्हणाले, करू.

करू म्हणता म्हणता त्यांच्या निवृत्तीचं वर्ष उगवलं. दिव्याचा बल्ब गेला, नवीन येईना. कॉलेजच्या गच्चीवर एकदा मांडामांड केली तर चिखलदऱ्याकडून उतरून आलेली वाटावीत अशी काळ्या तोंडाची माकडं आली आणि एकानं रबरी नळी तोंडात धरून पाण्याच्या टाकीवर बसून चावून खाल्ली. सर खालून त्याला "अरे, अहो" करत होते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पॉलिमर संपत आलं होतं. ते आमचं नव्हतंच. सरांच्या एका मित्रानं त्याच्या प्रयोगशाळेत बनवून दिलेलं, आणि त्याचा प्रकल्प बंद होऊन तो परदेशी निघून गेला होता. उरलेली चिमूटभर भुकटी आम्ही एकदमच वापरली. तिचं एक बाटलीभर जांभळं पाणी झालं. सर म्हणाले, "ही शेवटची. यात जमलं तर जमलं."

मी म्हटलं, अकोल्याला नेते. आमच्या गच्चीला उंच कठडा आहे, माकडं नाहीत, आणि ऊन म्हणाल तर मोजून मापून नाही, सांडून उरेल इतकं. मनातलं खरं कारण वेगळं होतं. मला ते मायच्या डोळ्यांसमोर करायचं होतं.

बाटली चंदेरी कागदात गुंडाळून, थर्मासच्या डब्यात घालून मी बसनं अकोल्याला आणली. मूर्तिजापूरपर्यंत मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलंच, "औषध हाय का कोनाचं?" मी हो म्हटलं. घरी आल्यावर मायला बाटली दाखवली आणि सरांनी मला सांगितलेलं जसंच्या तसं तिला सांगितलं. ही अंधारात राहिली पाहिजे. थंड राहिली पाहिजे. गरम होऊन चालणार नाही. मायनं मान हलवली आणि फ्रीजमधलं दूध, कोथिंबीर, कालची भाजी सगळं बाजूला करून मधल्या फळीवर तिला एकटीला जागा दिली.

दुसऱ्या दिवशी फक्त रंगीत तालीम होती. थोडंसं पाणी काढून काचेच्या भांड्यात घेतलं, फुग्यात भरून आणलेल्या नायट्रोजननं आतली हवा हाकलली, नळीचं तोंड पाण्यात उलट्या धरलेल्या नळकांड्यात सोडलं. गच्चीवर अर्ध्या भागात मायच्या कुरडया वाळत होत्या. तिनं त्या सरकवून मधोमध, टाकीची सावली पडत नाही अशी जागा मला करून दिली. मग डोक्याला दुपट्टा बांधून, वर छत्री धरून माझ्याजवळ बसली. बाबा गेल्यापासून ती दुपारच्या उन्हात कधी बसलेली मी पाहिली नव्हती. कुरडयासुद्धा सकाळी घालून पळायची.

बऱ्याच वेळानं नळकांड्यात एक बुडबुडा वर गेला. मग दुसरा.

"निघून राहिला!" माय ओरडली. "अवो माय, निघून राहिला न!"

मी म्हटलं, माय, थांब. बुडबुडे म्हणजे पुरावा नाही. पाणी तापलं की आत विरघळलेला नायट्रोजनसुद्धा असाच बुडबुडे करून बाहेर येतो. उद्या सर येतील, ऊन किती पडलं ते मोजायचं यंत्र आणतील, सुईनं गॅस काढून अमरावतीला नेतील, तिथे मशीन सांगेल त्यात हायड्रोजन किती. तेव्हा निघाला म्हणायचं.

"तुया मशीनले जे सांगायचं ते सांगू दे. मले दिसून राहिलं." ती छत्रीखालून बुडबुड्यांकडे बघत राहिली. मग एकदम वर, सूर्याकडे तोंड करून म्हणाली, "हां. आता कसा!" मी तिला इतकी खूश कधी पाहिली नाही, खोटं नाही सांगत.

दुपार कलल्यावर मी तालमीचं पाणी फेकून दिलं, भांडी धुतली आणि दुसऱ्या दिवसासाठी चिमटे आणि नळी आणायला बाजारात गेले. मी गेल्यावर लाईन गेली. आमच्याकडे मे महिन्यात लाईन जाणं ही काही बातमी नाही. आले तेव्हा माय अंगणात पंखा घेऊन बसली होती, पुढे लाईन आली, कूलर सुरू झाला, जेवलो, झोपलो. फ्रीज उघडायचं मला काही कारण नव्हतं.

सकाळी सर आले. मायनं त्यांच्यासाठी आंब्याचा रस करायला घेतला होता. सरांनी यंत्र गच्चीवर नेऊन ठेवलं, आकाश बघून "वा" म्हणाले. मी बाटली आणायला खाली आले आणि फ्रीज उघडला, तर मधली फळी रिकामी.

"माय, बाटली?"

"घाबरू नको, हाय. वर ठेवली." तिचे हात रसानं भरलेले होते, ते धुऊन ती स्वतः आली. "काल लाईन गेलती न, तू बजारात होती तवा. खालचं सारं गरम होऊन राहिलं होतं. तू सांगतलं होतं न थंड पायजे म्हनून. मी बर्फाच्या मधात ठेवून देली. अठी कितीबी वेळ लाईन गेली तरी काई होत नाई."

तिनं दोन ट्रेच्या मधून बाटली ओढून काढली. चंदेरी कागदावर बर्फ जमला होता. तो पदरानं पुसून तिनं बाटली माझ्या हातात दिली, अशी हळूच, दोन्ही हातांनी. आत सगळं गोठलेलं होतं.

पाण्याचा बर्फ होतो तेव्हा तो कणांना आपल्यात जागा देत नाही, बाजूला रेटत जातो. रेटता रेटता ते एकमेकांत चेपले जातात आणि चिकटतात. नंतर बर्फ वितळतो, ते चिकटलेले सुटत नाहीत. हे आम्हाला माहीत होतं हो. पुस्तकातलं आहे. पण मे महिन्यात अकोल्यात एखादी वस्तू थंडीनं बिघडेल, हे कोणाच्या डोक्यात येईल? सरांच्या आलं नाही, माझ्या आलं नाही. आम्ही दोघंही याच मातीतले. आमची सगळी काळजी एकाच बाजूला तोंड करून उभी होती.

बाटली ओट्यावर ठेवली. सर खाली आले, त्यांनी बघितलं आणि खुर्ची ओढून बसले.  बर्फ वितळत गेला तसं वरचं पाणी स्वच्छ, बिनरंगी झालं आणि जांभळी फोलं तळाशी जाऊन बसली. मी बाटली हलवली, फोलं उडाली आणि पुन्हा बसली.

"बिघडलं का?" मायनं विचारलं.

सर पटकन म्हणाले, "वहिनी, चूक माझी आहे. मी थंड ठेवा म्हटलं, गोठवू नका म्हटलं नाही."

"बिघडलं का, ते सांगा."

"हो," सर म्हणाले.

"दुसरं हाय का?"

"नाही."

माय रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ तरी घेतलं असतं. ती उठली, फ्रीजमधून बर्फाचे सगळे ट्रे काढले आणि एकेक करून मोरीत उलटे केले. मग रसाचं पातेलं पुढे ओढून राहिलेले आंबे पिळायला बसली. सर म्हणाले जेवण राहू द्या, तर म्हणाली, "राहू कसं देऊ? इतक्या उन्हाचे आले तुमी." सर जेवले. रस चांगला झालाय म्हणाले. ती म्हणाली, साखर कमी पडली असन.

बाटली आम्ही अमरावतीला परत नेली, पुन्हा ती किंचाळणारी कांडी त्यात बुडवून पाहिली. काही कण सुटले, बाकीचे बसले ते बसले. जून संपला, सर निवृत्त झाले. प्रयोगशाळेच्या जागी आता संगणकाची खोली आहे. माझा प्रबंध दिव्याखालच्या आकड्यांवर पूर्ण झाला, पदवीही मिळाली, घरच्यांनी पेढे वाटले. मायनं पेढा हातात घेतला आणि विचारलं, "त्यात अकोल्याच्या उन्हाचं हाय का?" मी नाही म्हटलं. तिनं पेढा कपाळाला लावला आणि देवापुढे ठेवून दिला.

प्रकरण राहिलं याचं मला आता फारसं काही वाटत नाही. दुसरीकडे कुठे कुठे लोकांनी हे काम फार पुढे नेलंय, मी वाचते, बरं वाटतं. वाईट वाटतं ते त्या बुडबुड्यांचं. तालमीच्या दिवशी त्या नळकांड्यात जमलं होतं ते काय होतं? हायड्रोजन, की नुसता तापलेला नायट्रोजन? मला कधीच कळणार नाही, आणि आता ते कळायला जगात कोणतंही मशीन नाही. जिनं सगळ्यांत जास्त वाट पाहिली तिला मी एक हो किंवा नाही देऊ शकत नाही. रसायनशास्त्र शिकवते मी, अकरावी-बारावीला, अमरावतीत. पोरांना रोज हो आणि नाही सांगते.

आणि दुसरं वाईट वाटतं ते मोठं आहे. त्या दिवसानंतर मायनं बर्फ करणं सोडलं. बाबा गेल्यापासून जो कप्पा कधी रिकामा नव्हता, त्यात आता दोन निंबं आणि एक मसाल्याची पुडी असते. मागच्या उन्हाळ्यात समोरची सून धावत आली, सासऱ्याला भोवळ आली होती. माय दारातच म्हणाली, "बर्फ नाई बाई आता आमच्याकडं," आणि स्वतःच चपला न घालता शेजारच्या घरी मागायला गेली. त्या माणसाला काही झालं नाही, लवकर बरा झाला. पण परत आल्यावर माय कितीतरी वेळ ओट्याला धरून उभी होती. मी ट्रे भरून ठेवते म्हटलं, तर नको म्हणाली.

यंदा मे महिन्यात सुट्टीला घरी गेले. सकाळी गच्चीवर चहा घेऊन गेले तर जुन्या साड्यांवर कुरडया, पापड्या सगळीकडे पसरलेल्या. पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मधोमध, टाकीची सावली पडत नाही तिथे, एक चौकोन मोकळा. झाडून ठेवलेला.

"माय, एवढी जागा काहून सोडली? तिकडं कठड्यावर सांडून राहिल्या कुरडया."

"तुया बाटलीची हाय ते."

"माय, ते काम बंद झालं न. सर नाहीत, लॅब नाही. सांगितलं होतं मी तुले."

"हाव, सांगतलं होतं." ती वाकून एकेक कुरडई उलटवत राहिली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. "तरी असू दे. भेटली कुठी त घेऊन ये. मी फ्रीजले हातबी नाई लावत."